आईची पूर्णगडची गाडी

सानिका आठवीत असताना तिच्या वडिलांनी, महिपतने, पूर्णगडच्या घरात दुसरी बाई आणून ठेवली. आई, मालन, मुलीचा हात धरून निघाली ती मिरजोळ्याला एका खोलीत येऊन राहिली. एमआयडीसीतल्या मासळीच्या कंपनीत कोळंबी सोलायचं काम मिळालं. घरी आली की भात टाकायची आणि शेगडीपाशी बसून रडायची. सानिकाने तेव्हाच ठरवलं, बापाचं नाव काढायचं नाही. तिच्या लग्नात कन्यादानसुद्धा मामाने केलं. महिपत रस्त्यापलीकडे उभा होता म्हणे. तिने तिकडे पाहिलं नाही.

यंदा दिवाळीनंतर एका रविवारी ती बाजाराला आली होती. स्टँडवर पूर्णगडच्या गाडीत आई चढताना दिसली. हातात जेवणाचा डबा.

"आई, कुठे चाललीस?"

"तुझ्या बापाकडे," मालन म्हणाली. "होडीवरून पडून पाय मोडलाय त्याचा. ती बाई केव्हाच गेली सोडून. रांधून घालायला कोण आहे?"

"आणि मला आज कळतंय?"

"तू त्याचं नाव काढू देतेस का?"

"तुझ्यासाठीच ना? तू रडायचीस."

"मी रडत होते गो. माझा नवरा गेला होता. तू बोलू नको, असं मी कधी सांगितलं?"

सानिकाने आठवून पाहिलं. सांगितलं नव्हतं खरं. पण बोल, असंही कधी म्हणाली नव्हती. कंडक्टरने घंटी मारली, तशी का कोण जाणे, ती गाडीत चढली.

महिपत पडवीत खाटेवर होता. मुलीला पाहून त्याने घाईघाईने शर्टाची बटणं लावली. "आलीस," एवढंच म्हणाला. मालनने बांगड्याचं डोकं त्याला आवडतं म्हणून आधी त्याच्याच ताटात वाढलं. सानिकाला एकदम संताप आला. आईचा की बापाचा, तिला कळेना. ती मागल्या दारी जाऊन उभी राहिली आणि रडू आलं तेही कुणासाठी, ते उमगलं नाही.

आता ती अधूनमधून जाते. "नक्की कुणासाठी जातेस?" नवरा, हर्षद, विचारतो. कधी ती आईसाठी म्हणते, कधी भांडी घासायला उठून जाते. मागच्या रविवारी आईच्या शेजारी बसून निघाली आणि अर्ध्या वाटेत पावस गावी उतरून परत आली. आईने कारण विचारलं नाही. विचारलं असतं तरी तिला सांगता आलं नसतं.