लेबलची शेवटची ओळ

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे कुलूपकाका म्हणत. सॉफ्टवेअरमध्ये काही बिघडलं की वापरणारी मंडळी तक्रारीचं तिकीट उघडतात, आम्ही पोरं दुरुस्ती करतो, आणि ते तिकीट बंद करायचं काम काकांचं. पण तक्रार करणाऱ्याने स्वतः ‘आता ठीक आहे’ असं लिहून दिल्याशिवाय काका हात लावायचे नाहीत. त्यांच्या या हट्टापुढे भल्याभल्यांनी हात टेकले होते.

काकू गेल्यापासून त्यांचं बोलणं आटलं होतं. जेवायला हाक मारली की “व्हा पुढे, आलोच” म्हणायचे आणि स्क्रीनसमोर बसून एकटेच डबा खायचे. पुढेपुढे आम्हीही हाक मारायचं सोडलं, हे काही बरं केलं नाही.

मग नव्या साहेबांनी फर्मान काढलं. तिकिटांची जुनी यंत्रणा शुक्रवारी गुंडाळायची, त्याआधी सगळी तिकिटं निकालात काढा. काकांनी सगळी काढली, एक तेवढं राहिलं. दूरच्या एका गोदामातल्या बाईंचं. लेबल छापताना शेवटची ओळ कापली जाते म्हणे. ती दुरुस्ती मीच केलेली, त्यामुळे माझं डोकं फिरलं. तिकीट उघडून पाहिलं, तर खाली हा मोठा पत्रव्यवहार.

‘या आठवड्यातही एकदा कापली गेली. तुमचा खोकला कसा आहे?’

‘बरा आहे. कापलेल्या लेबलचा फोटो पाठवा. मुलगी येऊन गेली का?’

मुलगी येऊन गेली होती. फोटो मात्र एकदाही आलेला नव्हता.

“काका, अहो, हे तर कधीच सुटलंय.”

“ठाऊक आहे मला. पण त्या ठीक आहे म्हणाल्यात का?”

मला आधी हसू आलं आणि मग फार वाईट वाटलं.

शुक्रवारी दुपारी त्यांनी लिहिलं, ‘आज बंद करावं लागेल. लेबल नीट येतंय ना?’ डबा उघडा ठेवून ते वाट पाहत बसले. बऱ्याच वेळाने उत्तर आलं. ‘आता ठीक आहे. तसं पहिल्याच महिन्यापासून ठीक आहे. सांगितलं असतं, तर तुम्ही बंद केलं असतं.’

काकांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि तिकीट बंद केलं.

मला राहवेना. म्हटलं, “काका, साधा ईमेल टाका की त्यांना. खुशाली विचारा.”

“काय म्हणून विचारू?” न खाल्लेल्या डब्याला झाकण लावत ते म्हणाले. “आता त्यांची तक्रारच राहिली नाही.”