आठ नंबरचं चलान

"भरून टाका आणि विषय मिटवा," भास्करशेठ म्हणाले आणि उभ्यानेच चहा संपवायला लागले. नो पार्किंगचं चलान होतं. शेठच्या दृष्टीने त्यात बोलण्यासारखं काही नव्हतं. माझ्या टेबलासमोर मात्र रंगनाथभाऊ टोपी हातात घेऊन उभे होते. "मॅडम, भरू नका," ते म्हणाले. "भरलं म्हंजे मी गेलो होतो असं झालं. मी नाय गेलो हो."

मी नाशिकमधल्या एका स्कूलबस कंत्राटदाराकडे ट्रान्स्पोर्ट इन्चार्ज आहे. कंत्राटदार म्हणजे हे भास्करशेठ. आमच्या बस एका मोठ्या शाळेसाठी धावतात. कुठली बस कुठल्या रूटला, ड्रायव्हरने कधी निघायचं, एखाद्या आईचा चिडून फोन आला तर काय उत्तर द्यायचं, हे सगळं माझ्याकडे. बरीच वर्षं झाली, आणि मी हे काम चांगलं करते. हे मीच सांगून टाकते, कारण शेठ कधी सांगणार नाहीत.

ई-चलान आता बहुतेकांनी पाहिलेलं असतं. पोलीस तुमच्या गाडीचा फोटो काढतात, मशिनमध्ये नंबर टाकतात आणि गाडीच्या मालकाच्या मोबाइलवर मेसेज येतो. पुढे दोन वाटा असतात. दंड भरला की चूक कबूल, प्रकरण बंद. नाहीतर तक्रार करायची, पुरावा द्यायचा. पटलं तर चलान रद्द होतं, नाही पटलं तर कोर्टाची पायरी. नो पार्किंगसाठी एवढा खटाटोप कुणी करत नाही. लोक शिव्या घालतात आणि भरतात.

पण स्कूलबसचं चलान वेगळं असतं. आमच्या कंत्राटात स्पष्ट लिहिलंय की मुलं गाडीत असताना बसने ठरलेला रूट सोडायचा नाही. सोडला तर तो ड्रायव्हर घरी. आणि हे चलान होतं खंडेनवमीच्या दुपारचं, फुलबाजाराजवळचं. त्या वेळी रंगनाथभाऊंची बस बालवर्गाच्या मुलांना घेऊन इंदिरानगरकडे जायला हवी होती. गाडीचा नंबर कुणीही टाकून चलान बघू शकतो. शाळा दर महिन्याला बघते. त्यांनी माझ्याआधी बघितलं.

मग पालक समितीच्या देशमुखबाईंचा फोन आला. त्यांची ईशा त्याच बसने येते. "त्या दिवशी माझी मुलगी उशिरा घरी आली होती. कालिका देवीच्या यात्रेमुळे ट्रॅफिक होतं, असं मला सांगितलंत. आणि तुमची बस फुलबाजारात उभी? मुलांना आत बसवून तो माणूस बाजार करत होता का?"

यात्रेमुळे ट्रॅफिक होतं हे खरं होतं, पण ते सिद्ध कसं करणार? बसमधल्या मदतनीस लताबाई शपथेवर सांगत होत्या की गाडी कुठेही वळली नाही. त्यांचं कोण ऐकणार, त्या रंगनाथभाऊंच्याच गाडीवरच्या. जीपीएस असतो, पण त्याचा प्लॅन संपला होता आणि शेठ 'उद्या करू' म्हणत होते. त्यामुळे त्या आठवड्यात आमची एकही बस कुठून कुठे गेली, हे देवालाच ठाऊक. समितीची मीटिंग शनिवारी शाळेत ठरली. तोवर रंगनाथभाऊंनी गाडीला हात लावायचा नाही, असं शाळेने सांगितलं. देशमुखबाईंनी ईशाला बसने पाठवणंच थांबवलं.

रंगनाथभाऊ मूळचे निफाडकडचे. मुलं त्यांना रंगाकाका म्हणतात. आमच्याकडे कुठल्याही नव्या ड्रायव्हरला मी आधी त्यांच्या शेजारी बसवते, कारण स्पीडब्रेकर आला की झोपलेलं पोर जागं होऊ न देता गाडी कशी काढायची ते त्यांच्याकडून शिकावं. ते आता यार्डात रोज येत होते आणि काही काम नसताना सगळ्या बसच्या काचा पुसत होते. मला ते बघवेना.

"शेठ, आपण तक्रार करू," मी म्हणाले.

"कशावर करणार? फोटो आहे. नंबर आहे. उगाच प्रकरण लांबलं आणि गाडीचं आरटीओचं काम अडलं तर? आणि रंगनाथचं काय, त्याला बाहेर कुठेही काम मिळेल."

"मिळेल. पण काय सांगून मिळेल? मुलं बसमध्ये सोडून बाजार केला म्हणून काढलं, असं?"

शेठनी विषय बदलला. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही, ते नेहमीच विषय बदलतात.

फोटो मी आधी मोबाइलवर पाहिला होता. पिवळी बस, मागची बाजू, फुलांचे हार, नंबर. त्या दुपारी मी तो ऑफिसच्या कॉम्प्युटरवर उघडला आणि स्क्रीन भरेल एवढा मोठा केला. तेव्हा दोन गोष्टी दिसल्या.

पहिली म्हणजे, नंबरचा शेवटचा आकडा पूर्ण दिसतच नव्हता. झेंडूच्या हाराचं टोक त्याच्या खालच्या अर्ध्या भागावर आलं होतं. वरचं वेटोळं तेवढं दिसत होतं. इंग्रजी आकड्यांत ते आठचं असू शकतं आणि नऊचंही. आता आमच्याकडची गंमत अशी, की शेठनी दोन बस एकाच दिवशी घेतल्या आणि त्यांना नंबरही पाठोपाठचे मिळाले. एकीच्या शेवटी आठ, दुसरीच्या शेवटी नऊ. आम्ही त्यांना आठ नंबर, नऊ नंबर असंच म्हणतो. मशिनमध्ये नंबर टाकला की गाडीचं मॉडेल आणि रंग दिसतो. पोलिसाने आठ टाकलं असेल, पिवळी स्कूलबस आली असेल, समोरही पिवळी स्कूलबस. त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. मी असते तर मीही आठच वाचलं असतं.

दुसरी गोष्ट हारांची. बसच्या मागे संकटकालीन दार असतं, त्याच्या हँडलला तो हार बांधलेला होता. एक हार नव्हता, गठ्ठाच होता. खंडेनवमीला आपण गाडीची पूजा करतो, तेव्हा एक हार घालतो आणि तोही पुढे. एका बसला मागून एवढे हार कोण घालतं? ज्याला ते दुसऱ्या गाड्यांसाठी न्यायचे असतात, तो.

आणि खंडेनवमीच्या संध्याकाळी आमच्या यार्डात प्रत्येक बसला हार होता. मीच नारळ फोडला होता.

मी नऊ नंबरच्या ड्रायव्हरला, सोपानला बोलावलं. सोपान तरुण आहे, घरची मखमलाबादला फुलशेती. नऊ नंबर मोठ्या मुलांच्या ट्रिपला जाते, त्यामुळे दुपारी त्या वेळी ती यार्डात रिकामी असते. मी स्क्रीन त्याच्याकडे वळवली.

"ही कुठली बस?"

त्याने बघितलं आणि मान खाली घातली. "नऊ नंबर, मॅडम."

"हार मागे कशाला बांधलेस?"

"आत ठेवले तर सीटला डाग पडता. पोरांचे युनिफॉर्म पिवळे झाले का तुम्हीच ओरडता. म्हणून बाहेर बांधले."

हे खरं होतं. मी ओरडतेच. माझ्या शिस्तीने शिकवलेल्या माणसाने माझ्याच शिस्तीपायी नंबर झाकला होता. हसू की रडू, मला कळेना.

"तुला बाजारात कुणी पाठवलं?"

"शेठनी. फुलं पारखायला दरवर्षी मलाच पाठवता. चलान रंगाकाकांच्या गाडीवर आलं ते मला लय उशिरा कळलं. मी शेठला बोललो, का मॅडमला सांगू. ते म्हणले गप बस, भरून टाकतो."

तर शेठना माहीत होतं. मेसेज त्यांच्याच मोबाइलवर आला होता. शाळेची बस शाळेच्या कामाशिवाय बाहेर काढायची नाही, हेही कंत्राटात आहे. चलान आठवर राहिलं तर एक ड्रायव्हर जाणार होता. नऊवर आलं तर प्रश्न शेठना विचारले जाणार होते.

मी तशीच शेठच्या केबिनमध्ये गेले. मला राग आला की माझा आवाज चढत नाही, बारीक होतो. शेठना हे माहीत आहे आणि ते त्याला घाबरतात.

"शेठ, फोटोतली बस नऊ नंबर आहे."

"असेल. दोन्ही आपल्याच ना? दंड आपणच भरणार. आठवर भरला काय, नऊवर भरला काय."

"आठवर भरला तर रंगनाथभाऊ जातात."

"मॅडम, समितीसमोर हे काढलं तर कंत्राट जाऊ शकतं. मग सगळेच जातील. त्याचा विचार केलात?"

केला होता. ते खोटं बोलत नव्हते, हेच वाईट होतं. सगळ्या ड्रायव्हरांची घरं त्या कंत्राटावर चालतात, माझंही चालतं. तरी मी म्हणाले, "शेठ, लोक आपली पोरं आपल्या ताब्यात देतात. आपण त्यांना खोटं सांगायचं ठरवलं तर कंत्राट आजच गेलं म्हणा. मी तक्रार टाकते. तुम्हाला नको असेल तर मला कमी करा आणि दुसरी इन्चार्ज बघा. मीटिंगला मात्र मी येणारच."

शेठ समोरची फाइल ओढून वाचायला लागले. मी तो होकार धरला.

तक्रार ऑनलाइन टाकली आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही बसचे फोटो घेऊन वाहतूक पोलिसांच्या ऑफिसात गेले. टेबलावरच्या हवालदारांनी सगळं ऐकून घेतलं, मग चष्मा काढला.

"मॅडम, इथं लोक चलान रद्द करा म्हणून भांडायला येतात. तुम्ही ते दुसऱ्या गाडीवर घाला म्हणता?"

"हो."

"आणि ती दुसरी गाडी कुणाची?"

"आमचीच."

"मग तुम्हाला फरक काय पडला?"

"ड्रायव्हर वेगळा आहे, साहेब."

त्यांनी फोटो मोठा करून पाहिला. "एवढे हार तर नवरदेवाच्या गाडीलाही नसतात," असं म्हणून ते हसले आणि शेजारच्या टेबलावरच्यांनाही त्यांनी तो दाखवला. मग मात्र त्यांनी काम मनापासून केलं. आमच्या दोन्ही बसच्या मागच्या बाजू ताडून पाहिल्या. नऊ नंबरच्या बंपरला डावीकडे पोचा आहे, आठला नाही. फोटोत पोचा स्पष्ट होता. आठवरचं चलान रद्द झालं आणि नऊवर नवीन निघालं. हातात चलान घेऊन एवढ्या आनंदाने त्या ऑफिसातून बाहेर पडणारी मी एकटीच असेन.

शनिवारी मीटिंगला शेठ येतील असं मला वाटलं नव्हतं. ते आले आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले. मी फोटो दाखवला, दोन्ही नंबर सांगितले, रद्द झालेलं चलान आणि नवं चलान टेबलावर ठेवलं. देशमुखबाई हुशार आहेत. त्यांनी लगेच विचारलं, "म्हणजे बस शाळेच्या कामाशिवाय बाहेर गेली होती?"

"गेली होती," मी म्हणाले. "रिकामी होती. एकही मूल नव्हतं."

"पाठवली कुणी?"

मी उत्तर देणार तेवढ्यात मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. शेठ उभे होते. "मी पाठवली. सोपानची चूक नाही आणि रंगनाथची तर नाहीच. चलान आलं ते मला माहीत होतं, मी गप्प बसलो. काय करायचं ते माझं करा."

मी शेठकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा वाटलं, की या माणसाकडे मी उगाच नोकरी केलेली नाही.

समितीने शेठना लेखी ताकीद दिली आणि जीपीएस एक दिवसही बंद राहता कामा नये असं बजावलं. कंत्राट राहिलं. बाहेर शाळेच्या आवारात रंगनाथभाऊ उभे होते. देशमुखबाई सरळ त्यांच्याकडे गेल्या.

"काका, मी तुमच्याबद्दल नको ते बोलले. माझं चुकलं. सोमवारपासून ईशाला तुमच्याच बसने पाठवते."

रंगनाथभाऊंनी टोपी डोक्यावर नीट केली. "पाठवा ताई. तिसऱ्या सीटवर खिडकीपाशी बसती ती. मी नव्हतो तरी लताबाईला सांगून ठेवलं होतं, का ती जागा कुणाला देऊ नको."

देशमुखबाईंनी त्यांच्यापुढे हात जोडले. मला त्या दिवशी माझा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. पण त्या माणसाचा जरा जास्तच वाटला.

परतताना गाडीत शेठ म्हणाले, "तुमच्या हट्टापायी मला चारचौघांत उभं राहावं लागलं."

"पण राहिलात, शेठ."

"हं," ते म्हणाले आणि विषय बदलला.

चलान लढवावं की भरून मोकळं व्हावं, असं लोक मला आता अधूनमधून विचारतात. मी एवढंच सांगते, आधी फोटो मोठा करून बघा. चूक आपली नसेल तर लढा. आपलीच निघाली तर ती ज्याची आहे त्याच्या नावावर नेऊन ठेवा, मग ते नाव आपल्या शेठचं का असेना. दंड भरायला त्यानंतरही भरपूर वेळ असतो.