सपाट डोक्याचे कंडेन्सर

सीताबर्डीतल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात मी झाडूपोछ्याला लागले. पुढे मालकाने मला कंडेन्सर काढायला बसवलं. बंद पडलेल्या बोर्डांवरची ती बोटाच्या पेराएवढी नळकांडी सोल्डरिंगच्या गरम टोकाने सोडवायची. डोकं फुगलेली फेकायची, सपाट डोक्याची स्पिरिटने पुसून डब्यात टाकायची. तीच गिऱ्हाइकांच्या मशीनमध्ये नवी म्हणून बसत.

काहींचं डोकं सपाट असे, पण बुडाशी तपकिरी चिकट डाग असे, असा कंडेन्सर नाकाशी नेला तर मासळीसारखा वास येई. मी ते वेगळे ठेवू लागले. एकदा धीर करून मालकाला दाखवले. ते मेकॅनिककडे वळून म्हणाले, "घ्या, चौथी पास इंजिनिअर आली आपल्याकडे." दोघंही हसले. माझे वेगळे ठेवलेले त्यांनी डब्यात परत ओतले. त्यानंतर मी डागवालेही डब्यातच टाकू लागले.

धरमपेठेतली एक बाई घरी बसून विद्यार्थ्यांचे प्रबंध टाइप करून देई. तिचं मशीन मधेच बंद पडे आणि टाइप केलेलं जाई. आमच्याकडून दुरुस्त करून नेलं, आठ दिवसांत परत आणलं. सोमवारी प्रबंध दिला नाही तर कॉलेजचं सगळं काम दुसरीकडे जाणार, असं ती सांगत होती. मालकाने बोर्ड उघडला, आमचेच डागवाले कंडेन्सर बुडाशी गळलेले होते. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. निवडायचं काम हिचं, म्हणाले.

ती माझ्याजवळ आली. दुकानात चार गिऱ्हाइकं होती.

"शिकली नाहीस, त अशा कामाले हात काहून लावते वं? घरोघरी भांडे घास."

मी पुढचा बोर्ड ओढून घेतला. मालक काउंटरवर मोबाइल बघत होते.

मेकॅनिकने त्याच डब्यातून तीन कंडेन्सर उचलले. त्यातल्या दोनांच्या बुडाशी डाग होता, मला बसल्या जागेवरून दिसला. त्याने ते बसवले, मशीन सुरू झालं. पडदा उजळला तशी ती बाई निवळली. मशीन ऑटोत ठेवायला मालकाने मलाच पाठवलं. ऑटोजवळ तिने हळूच विचारलं, "ताई, आता त नाही ना बंद पडणार?"

त्या दुकानात मला कामातलं कोणी कधी विचारलं नव्हतं.

"नाही पडत," मी म्हटलं, आणि तिची पिशवीही नीट आत ठेवून दिली.