झाडून दाखवा

"मावशी, आत या. मुलांना जरा झाडून दाखवा."

तिसरीचा वर्ग मी सकाळीच झाडला होता. फरशीवर कागदाचा कपटाही नव्हता. मी तसं म्हणाले. मॅडम हसल्या आणि मुलांकडे वळल्या. "चला, प्रत्येकाने वहीचं एक पान फाडा आणि खाली टाका."

मुलांना काय, मजाच. कपटे उडाले. कुणी पेन्सिलीची टरफलं टाकली, कुणी डब्यातला पोळीचा तुकडा. मी वाकले. झाडलं. मॅडम मोबाइलवर व्हिडिओ काढत होत्या. एका मुलीने विचारलं, "मावशी, तुमच्या घरी सगळे झाडतात?"

मी तोंड उघडायच्या आत मॅडमनीच उत्तर दिलं. "हो बेटा, त्यांच्यात ते परंपरेने चालत आलेलं असतं."

माझे वडील शहाडच्या कारखान्यात फिटर होते. आई शिवणकाम करायची. पण मॅडमनी माझं आडनाव वाचलं होतं, तेवढं त्यांना पुरलं. सफाईच्या ठेकेदारानेही तेच वाचून मला संडास दिले. माझ्याबरोबर लागलेल्या दुसऱ्या बाईला ऑफिसातलं चहापाणी.

मग अख्ख्या वर्गाने एका सुरात "थँक्यू मावशी" म्हटलं. आणि मी हसले. कशाला हसले? अजून स्वतःचा राग येतो.

डोंबिवलीतल्या त्या शाळेत त्या महिन्यात तिसरीला सगळ्या विषयांत एकच चाललं होतं, आपले मदतनीस. पॅसेज पुसता पुसता सगळं कानावर पडायचं. इंग्रजीत आमच्यावर पाच वाक्यं. चित्रकलेत आमचा झाडू. मराठीत श्रमप्रतिष्ठेवर निबंध. गणितात, एक मावशी एका तासात चार वर्ग झाडते, तर बारा वर्गांना किती तास? मुलं पटकन तीन म्हणायची. त्या गणितातल्या मावशीची कंबर कधी धरत नव्हती. आणि इतक्या विषयांत मिळून आमचं नाव काय, हे कुणाला विचारावंसं वाटलं नाही.

त्या दिवशी लोकलने दिव्याला घरी आले आणि नवऱ्याला सगळं सांगितलं. नवरा म्हणाला, "थँक्यूच बोलले ना? मग झालं काय?" काय लागलंय ते त्याला सांगता येईना. चीड नुसती आतल्या आत.

दुसऱ्या दिवशी 'ब' तुकडी. "कालच्यासारखंच हं, मावशी." मुलांनी पानं आधीच फाडून मुठीत धरली होती.

मी झाडू भिंतीला टेकवला. "मॅडम, वर्ग स्वच्छ आहे. दाखवायला म्हणून मी झाडणार नाही."

"अहो, आम्ही तुमचा सन्मानच करतोय."

"माझ्यासमोर कचरा टाकून?"

असला सन्मान म्हणजे भीक नको पण कुत्रा आवर.

मुख्याध्यापिकांनी ऑफिसात बोलावलं. बस म्हणाल्या नाहीत. मुलांसमोर शिक्षिकेचा अपमान झाला, म्हणे. "आणि माझा कुणासमोर झाला?" मी विचारलं. त्यांनी सरळ ठेकेदाराला फोन लावला.

संध्याकाळी त्याच्या सुपरवायझरचा मला फोन. "ताई, कशाला वाकड्यात शिरता? सोमवारी सॉरी बोला, विषय संपला. नायतर तुमच्या जागी दुसरी बाई पाठवतो."

भीती वाटते. खोटं कशाला सांगू? काम गेलं तर घरात ओढाताण होणार, नवराही बोलणार.

पण सॉरी म्हणणार नाही. सोमवारी जाणार आहे. मुलांना मदतनीस शिकवायचेच असतील, तर मला वर्गात खुर्ची द्या, मी बोलते. संडास धुवायला हातमोजे मागितले की ठेकेदार काय म्हणतो, ते सांगते. स्टाफरूममधल्या कूलरचं पाणी आम्हाला का घेऊ देत नाहीत, ते सांगते. आणि गेटवर अडवलं तर गेटवरच बोलेन. शाळा सुटायच्या वेळी, सगळ्या पालकांच्या देखत.