पोर्तोच्या तळघरात

पोर्तुगालमधल्या पोर्तोला जायचं नवऱ्याच्या कॉलेजमित्राने ठरवलं आणि मी पहिल्यापासून नाही म्हणत होते. मित्र आणि त्याची बायको कॅलिफोर्नियात सांता क्लाराला राहतात, आम्ही सिॲटलजवळ बॉथेलला. वर्षातून एकदा चौघांनी कुठेतरी जायचं, हा त्याचा आग्रह. या वेळी त्याला पोर्ट वाइन जिथे मुरवतात ते गाव बघायचं होतं. माझ्या नवऱ्याने दारू सोडून तेव्हा चौदा महिने झाले होते. हे मला, आमच्या मुलीला आणि डॉक्टरांना ठाऊक होतं. मित्राला त्याने ॲसिडिटी सांगितली होती.

"खरं सांगून टाक," मी एअरपोर्टवर म्हटलं.

"माझं मी बघतो," तो म्हणाला.

गाव देखणं आहे, हे मान्य करावंच लागेल. नदीकाठापासून एकमेकांच्या खांद्यावर चढत गेलेली घरं, भिंतींवर निळ्या नक्षीच्या फरशा, गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडे. पण मी त्यातलं काहीच धड बघितलं नाही. माझं सगळं लक्ष नवऱ्याच्या हातांकडे. मित्र मात्र पहिल्या संध्याकाळपासूनच सुटला होता. प्रत्येक जेवणाला वाइन, तिच्यावर प्रवचन, आणि शेवटी नवऱ्याकडे वळून, "यार, एका घोटाने काय होतं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिथलं प्रसिद्ध सँडविच मागवलं. पावात दोन-तीन तऱ्हेचं मांस, वर वितळलेलं चीज आणि सगळ्यावर ओतलेला तिखटसर रस्सा. मी वेटरला विचारलं, रश्श्यात काय असतं? बीअर, तो म्हणाला, कधीकधी पोर्टसुद्धा. मी नवऱ्याची प्लेट माझ्याकडे ओढली आणि त्याच्यासाठी भाजलेले मासे मागवले.

"वहिनी, आता लाळेरंही बांधा याला," मित्र म्हणाला.

नवराही हसला. मित्रापेक्षा मला त्या हसण्याचा जास्त राग आला.

तिसऱ्या दिवशी पूल ओलांडून पलीकडच्या काठावर गेलो. तिथे वाइनची तळघरं आहेत. आत गारवा, ओल्या लाकडाचा वास आणि पुरुषभर उंचीची पिंपं. फिरून झाल्यावर चाखायला बसवलं. प्रत्येकापुढे तीन ग्लास, नवऱ्यापुढे त्याने मागितलेला द्राक्षाचा रस. मित्राने आपला एक ग्लास त्याच्यासमोर सरकवला.

"वीस वर्षं मुरलेली आहे. आता नाही म्हणालास तर मैत्री संपली."

नवऱ्याने ग्लास उचलला. नाकाजवळ नेला. तिथेच धरून ठेवला. मी तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि चाखलेली वाइन थुंकायला ठेवलेल्या भांड्यात ओतून दिला.

"वहिनी, हे जरा जास्त होतंय," मित्र म्हणाला. "तो काय लहान आहे?"

"तो दारुडा आहे," मी म्हणाले. "मुलीला कॉलेजातून आणायला गेला आणि तिला शेजारी बसवून गाडी खांबावर घातली. तुम्ही त्याला ॲसिडिटी समजत बसा."

मित्राची बायको टेबलाकडे बघत राहिली. नवरा उठला, खुर्ची नीट आत सरकवली आणि बाहेर गेला.

तो मला नदीकाठी सापडला. पूर्वी पिंपं वाहून आणणाऱ्या लाकडी होड्या आता फोटोंसाठी बांधून ठेवल्या आहेत, तिथे उभा होता.

"सांगायचं की नाही, ते मी ठरवणार होतो," तो म्हणाला.

"तू वास घेत होतास."

"घेत होतो. पुढे प्यालो असतो की खाली ठेवला असता, ते आता मला कधीच कळणार नाही. तू कळूच दिलं नाहीस."

"मला ते बघायचं नव्हतं."

"माहीत आहे," असं म्हणून तो पुलाकडे चालू लागला. मी मागून गेले. मी त्याला गाठावं म्हणून तो थांबला नाही, आणि मीही पाय भरभर उचलले नाहीत.

उरलेले दोन दिवस आम्ही एकाच खोलीत राहून बोललो नाही. मित्र आणि त्याची बायको वेगळे फिरले. परतीच्या विमानात नवऱ्याने इयरफोन काढले ते थेट सिॲटलला उतरल्यावर.

पुढे सहाएक आठवड्यांनी, एका रविवारी सकाळी, त्याने आपणहून मित्राला फोन लावला. स्पीकरवर, मी स्वयंपाकघरात असताना. त्याने सगळं सांगितलं. त्यातल्या दोन गोष्टी मलाही तेव्हाच पहिल्यांदा कळल्या. मी कोबी चिरत राहिले. शेवटी मित्र म्हणाला, "वहिनी आहेत का जवळ?"

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवून नाही म्हटलं.

"बाहेर गेली आहे," तो म्हणाला.

मित्राशी मी अजून बोललेले नाही.