दमयंतीताईंचं घरचं माणूस

घरी कोण कोण असतं, असं दमयंतीताईंना कुणी विचारलं की त्या म्हणायच्या, "मी आणि खैरू." खैरू कोण, हे विचारायची सोय नव्हती. तोवर ताई तुम्हाला सुई टोचून पुढच्या पेशंटकडे गेलेल्या असत.

सौदीतल्या हफ्र अल बातिनमधल्या ज्या सरकारी हॉस्पिटलात मी रेकॉर्ड विभागात बसते, तिथे ताई बायकांच्या सर्जिकल वॉर्डच्या हेड नर्स. मूळच्या फलटणच्या. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही असं विचारणाऱ्याची गय केली नाही. खैरुन्निसा परकार, म्हणजे आमच्या खैरूआपा, खेडच्या. त्यांचे यजमान इब्राहीमभाई इथे मसाल्याचं दुकान चालवायचे आणि दोघं ताईंच्याच बिल्डिंगमध्ये राहायची. कोरोनात इब्राहीमभाई आयसीयूत गेले. आपा खाली गाडीत बसून राहिल्या, कारण आत कुणालाच सोडत नव्हते. शेवटी नुसता निरोप आला. शेवटच्या घटकेला त्यांच्याजवळ आपलं असं कुणी नव्हतं, हे त्या अजून बोलून दाखवतात.

आपांचा इकामा, म्हणजे रहिवासाचा परवाना, नवऱ्याच्या नावावर होता. नवरा गेला, तसा इथे राहायचा हक्कही गेला. खेडला जावं तर दिरांनी घराला कुलूप लावलेलं. तेव्हा ताईंनी कुठे कुठे खेटे घालून त्यांना आपल्या नावावर घेतलं, मोलकरीण म्हणून. दुसरा रस्ताच नव्हता. कागदावर दमयंतीताई कफील, म्हणजे जबाबदार मालकीण, आणि खैरूआपा त्यांच्या घरकामाची बाई.

आता ही घरकामाची बाई घरात काय करते, ते सांगते. केर काढत नाही, कंबर दुखते. भांड्यांना हात लावत नाही, साबणाने बोटं फाटतात. स्वयंपाक मात्र त्यांचाच, तिथे ताईंना पाऊल टाकू देत नाहीत. संकष्टीला ताईंना मोदक वळून घालतात. अख्खा वॉर्ड जिला टरकून असतो ती बाई ड्यूटीवरून येते, पदर खोचते आणि भांडी घासायला उभी राहते. एसी किती थंड ठेवायचा यावरून दोघींचं रोज वाजतं. मी एकदा म्हटलं, "ताई, कफील नक्की कोण?" तर म्हणाल्या, "रुचा, तू तुझं बघ."

गेल्या वर्षी आपांच्या गर्भाशयात गाठ निघाली. ऑपरेशन करायचंच होतं. आपांनी ताईंना एकच सांगितलं, "कापा काय कापायचं ते. पण डोळे उघडीन तेव्हा तू समोर पायजेस. त्यांच्यासारखं माझं नको."

ही काय मोठी मागणी झाली? ताईंचा स्वतःचा वॉर्ड होता. पण आमच्याकडे उपचार मिळतात कर्मचाऱ्याला आणि त्याच्या कुटुंबाला. मोलकरीण कुटुंबात बसत नाही. तिचा विमा वेगळा, आणि त्यावर मिळत होतं दम्मामचं एक खाजगी हॉस्पिटल. तिथे ताईंना कोण ओळखणार?

ताईंनी अर्ज केला, की माझ्या घरात राहणारं, मी आजारी पडले तर माझं करणारं हे एकच माणूस आहे, तर हिला माझं कुटुंब धरा. असा अर्ज आमच्या ऑफिसात पूर्वी कुणी केला नव्हता. कुणी म्हणालं, सरळ बहीण लिहा. अरे, बहीण कशी लिहिणार? इकाम्यावर धर्म लिहिलेला असतो. एक हिंदू आणि एक मुसलमान अशा सख्ख्या बहिणी कुणाला दाखवायच्या?

दोघींना समितीपुढे बोलावलं. फायली घेऊन मीही होते. समितीचे प्रमुख अबू तुर्की म्हणून वयस्कर सौदी गृहस्थ. माणूस भला. त्यांच्या आईच्या ऑपरेशनला ताईंनीच सगळं केलं होतं. त्यांनी अर्ज वाचला, दाढी कुरवाळली आणि हळूच म्हणाले, "तुम्ही दोघी लहानपणी एकाच बाईचं दूध प्यालात का?"

इथे ही चाल आहे. एकाच बाईच्या अंगावर प्यालेली परकी मुलंसुद्धा भावंडं धरतात, त्यांची आपसात लग्नं होत नाहीत. धर्म वेगळा असला तरी दूध एक असू शकतं. अबू तुर्कींनी दार किलकिलं करून दिलं होतं. नुसतं हो म्हणायचं, पुढचं ते वर बोलून बघणार होते.

ताई लगेच "हो" म्हणाल्या.

"नाही," आपा म्हणाल्या. दुकानात बसून बसून त्यांचं अरबी पक्कं झालेलं. "माझ्या आईने हिला कधी पाहिलंसुद्धा नाही."

अबू तुर्की फाइल मिटून म्हणाले, "बाई खरं बोलली. आता मला काही करता येणार नाही."

मी मनातून आपांना अस्सल कोकणी शिवी हासडली. गाडीत बसल्यावर ताईंचा तोल गेला. "एक शब्द, खैरू. एक शब्द गिळला असतास तर मेली असतीस का?"

"दुधाचं खोटं नाय बोलायचं गो," आपा म्हणाल्या. "ते वर मोजतात. मोलकरीण म्हटलं तर कागद खोटा. बहीण म्हटलं तर मी खोटी. आणि बहीण असते ना, तर तुझी ही तोंडाळ जात बघून कधीच पळाले असते."

घरी गेल्यावर ताईंनी भांडी जरा आदळून घासली असतील, एवढंच.

दम्मामला गाडी मी चालवली. वाटेत नैरियाला चहाला थांबलो, तर आपांना उपाशी राहायचं म्हणून ताईंनीही चहा घेतला नाही. ऑपरेशनच्या आधी सही कफीलची हवी होती. ती ताईंनी केली. सही झाल्यावर काउंटरवरची मुलगी गोड हसून म्हणाली, "खलास, झालं काम. तुम्ही घरी जा, तुमची बाई बरी झाली की फोन करू."

ताई बाकावर बसून राहिल्या. त्या घाबरल्या होत्या. घाबरलेल्या ताई मी पहिल्यांदाच पाहिल्या.

दुपारी आपांना वॉर्डात आणल्याचं कळलं. वॉर्डच्या दारात काळ्या अबायातली पहारेकरीण होती. तिला काउंटरवरचं काही ठाऊक नव्हतं. तिने ताईंना अडवलं आणि विचारलं, "नातेवाईक की शग्गाला?" शग्गाला म्हणजे मोलकरीण. नातेवाइकाला नात्याचा कागद दाखवावा लागतो. आमच्या हॉस्पिटलातही श्रीमंत घरच्या बायका आजारी पडल्या की घरचे लोक भेटून जातात आणि रात्रंदिवस उशाशी बसायला मोलकरीण ठेवून जातात. ताईंच्या वॉर्डात अशा कितीतरी जणी जमिनीवर निजलेल्या मी पाहिल्यात. ताईच त्यांना पांघरुणं द्यायच्या.

ताईंनी मान खाली घातली आणि म्हणाल्या, "शग्गाला."

पहारेकरणीने दार उघडलं.

मी दारातूनच बघत होते. आपांनी डोळे उघडले तेव्हा ताई समोर होत्या. आपांची जीभ जड झाली होती, पण चौकशी करायचं काही सुटलं नव्हतं.

"आत कशी सोडली गो तुला?"

"तुझी मोलकरीण आहे असं सांगितलं."

आपा विचारात पडल्या. दुधाचं खोटं न चालणारी बाई, आता हिलाही हाकलते की काय, असं मला वाटलं.

"मग खरंच सांगितलंस की," त्या म्हणाल्या. "भांडी तूच घासतेस." आणि डोळे मिटता मिटता म्हणाल्या, "पाय चेप जरा."

मला रडू आलं, आणि माझा मलाच राग आला. ताईंनी स्टूल पायांकडे सरकवलं आणि पाय चेपायला घेतले.