रिजेक्टकाका आणि शिलाजीतची गमी

रिजेक्टकाकांना लग्नाला बोलवावं की नाही, यावरून भिलाईच्या वैशाली नगरातल्या आमच्या गल्लीत घरोघरी भांडणं होत. न बोलवावं तर शेजारधर्म बुडतो. बोलवावं तर हा माणूस पहिला घास तोंडात घालणार आणि मुलीचा बाप समोर हात जोडून उभा असताना सांगणार, "वरण खालून लागलं हाये. वरवरचं काढून वाढून राहिले तुमी." आणि वरण खरोखर लागलेलं असायचं, हीच तर पंचाईत! माझ्या लग्नात त्यांनी नवरदेवाशी चार वाक्यं बोलून माझ्या बाबांना भर मांडवात सांगितलं, "पोरगा बरा हाये. डाव्या कानानं कमी ऐकते." सासरच्यांनी ते आमच्यापासून लपवलं होतं. बाबा गोरेमोरे झाले, सासरे लालबुंद झाले, आणि मी घुंगटाआड हसू दाबत बसले होते.

त्यांचं आडनाव कापगते. घराणं साकोलीकडचं, शेतकऱ्याचं. काका तरुणपणी भिलाईला आले ते स्टील प्लांटमध्ये लागले, आणि निवृत्त होईपर्यंत रेल मिलमध्ये तयार रूळ तपासत राहिले. रुळात खोट दिसली की त्यावर रंगाचा पट्टा ओढायचा, की तो रूळ रिजेक्ट, बाजूला. वैशाली नगरात घरं होण्याआधी प्लांटच्या सेक्टरमधल्या क्वार्टरांत आमची भिंतीला भिंत होती. तेव्हा आम्ही पोरांनीच त्यांना हे नाव ठेवलं. एकदा त्यांच्या कानावर गेलं. आम्ही घाबरून पळालो, तर मागून आवाज आला, "पळता कावून बे? नाव बरोबर हाये."

चांगलं झालेल्या गोष्टीबद्दल मात्र ते अवाक्षर काढत नसत. "पास मालावर काय बोलाचं? तो त चालला जाते आपल्या रस्त्यानं." काकूंनी जन्मभर त्यांच्यासाठी रांधलं आणि जन्मभर एवढ्यावरच समाधान मानलं, की आज हे काही न बोलता जेवून उठले. मी म्हणायचे, "काकू, तुम्ही कशा राहता हो या माणसाजवळ?" त्या म्हणायच्या, "सोपं हाये वो बेबी. हा माणूस माह्याशी गोड बोलला त मले डॉक्टर बोलवा लागन."

खरा जाच झाला तो नरेशला, त्यांच्या एकुलत्या एका मुलाला. प्रगतिपुस्तक, चित्रकला, सायकल, पुढे नोकरी, सगळं बापाच्या तपासणीच्या टेबलावरून गेलं. नरेश माझ्याहून लहान, मला ताई म्हणतो. रायपूरला तो नोकरीला होता ती कंपनी बंद पडली तेव्हा पोरगा सहा महिने घरात तोंड लपवून बसला होता. बापासमोर जेवायलासुद्धा येत नसे. मग एका मित्रासोबत त्यानं कुम्हारीला एक छोटं युनिट टाकलं. माल कोणता? तर शिलाजीतची गमी! म्हणजे ती जेलीसारखी मऊ, चघळायची गोळी. डब्यावर बर्फाचा डोंगर आणि दंड फुगवलेला माणूस.

काकूंनी डबा पाहिला आणि पदर तोंडाला लावला. "अगं बाई, हे त माणसाइचं औषध होय ना? हे कुठं घरात ठेवू?"

"आई, तसं नाही म्हणायचं," नरेश वैतागून म्हणाला. "मिनरल रेझिन म्हण. पहाड से निकलता है. औरतें भी खा सकती हैं. ताकद, झोप, गुडघे, सबके लिए."

"हे असं सगळ्याइसाठी जे राहते ना," काका पेपरातून मान वर न करता म्हणाले, "ते कोणासाठीच नाही राहत."

पण नरेशला नेमके काकाच हवे होते. भिलाईतल्या आपल्या मराठी लोकांत काकांच्या शब्दाला सोन्याचा भाव. हा माणूस ज्या दुकानाच्या मिठाईला नाव ठेवत नाही, तिथे दिवाळीत रांग लागते. सामाजिक भवनात कार्यक्रम ठेवायचा, दुर्ग-रायपूरचे दुकानदार बोलवायचे, आणि काकांनी माईकवर दोनच वाक्यं म्हणायची: मी या वयात रोज ही गमी खातो, मला फायदा आहे. बस्स. नरेश माझ्याकडे येऊन रडकुंडीला आला होता. "ताई, तू बोल ना बाबाले. या खेपेले पडलो त मी परत नाही उठत." मी गेले. काका म्हणाले, "पहिले तपासतो. मंग बोलतो."

आणि तपासणी म्हणजे काय थाट सांगू! रेल मिलमध्ये शंका आली की चांगला रूळ आणि संशयाचा रूळ शेजारी शेजारी ठेवून पाहायचे म्हणे. तीच रीत काकांनी लावली. स्टीलचे दोन सारखे डबे आणले. एकात नरेशची गमी, दुसऱ्यात सुपेल्याच्या बाजारातली तशीच काळपट जेली, लेकरं खातात ती. मग गल्लीत वाटप. माझ्या आईला गुडघ्यांसाठी, पलीकडच्या साहूजींना अशक्तपणासाठी, मला झोपेसाठी. कोणाला कोणत्या डब्यातलं, ते फक्त त्यांना ठाऊक. ते स्वतः अर्थातच नरेशची खात होते.

लग्नानंतरही मी याच गल्लीत, आईजवळच राहते; महिनाभरात आमच्या घरात चमत्कार झाला. आई, जी बाथरूमपर्यंत जाताना "मेले गं माय" म्हणायची, ती चक्क गच्चीवर चढून वड्या वाळत घालायला लागली. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "नरेशची गोळी म्हणजे संजीवनी हाये संजीवनी!" नरेशचे पाय जमिनीवर ठरेनात. तो फोन घेऊन आईचा व्हिडिओ काढायला आला. तेव्हा काका मागून आले आणि सरळ म्हणाले, "वहिनी, तुमी बाजारातली जेली खाऊन राहिल्या. शिलाजीत नाही त्याच्यात, साखर हाये."

आईचा चेहरा! "तुमी मले फसवलं?"

"मी कवा म्हटलं शिलाजीत हाये म्हणून? मी म्हटलं, खा."

त्याच संध्याकाळी आईचे गुडघे पुन्हा दुखायला लागले. तिनं आठवडाभर काकांशी बोलणं टाकलं. मी मात्र पोट धरधरून हसले. मला नरेशची गमी मिळाली होती. झोप पहिल्यासारखीच, उलट गोडाची चटक लागली. काकांना स्वतःला काय वाटलं, विचारलं तर म्हणाले, "काही नाही. खराबी नाही, फायदाबी नाही. मीठा हाये."

इथवर हसण्यावारी होतं. पण साहूजी एका दुपारी अंगणात चक्कर येऊन बसले. त्यांना साखरेचा आजार, रोजची गोळी चालू. विचारलं तर छत्तीसगढीत म्हणतात, "एके ठन गोली म सब हो जाथे, त दूसर काबर खांव?" म्हणजे या एकाच गोळीनं सगळं होत असेल तर दुसरी कशाला खाऊ? भल्या माणसानं डॉक्टरची गोळी बंद करून वर दोनदोन गोड गम्या चालवल्या होत्या! काकांनीच त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांना त्यांनी सरळ विचारलं, हे शिलाजीत काही काम करते का नाही? डॉक्टर म्हणाले, शिलाजीतची कीर्ती जुनी आहे, पण पक्कं काही हाती नाही. आणि साखरेच्या गोळीत ते किती उतरलंय, उतरलंय तेवढं पुरतं का, हे तर कोणीच सांगू शकत नाही. साहूजी दोन दिवसांत घरी आले. काका मात्र त्या दिवसापासून गप्प झाले.  त्यांच्याच हातानं दिलेला माल होता.

कार्यक्रमाच्या दिवशी भवन भरलेलं होतं. नरेशनं नवा शर्ट घातला होता, त्याची बायको आरतीचं ताट घेऊन उभी. काका माईकसमोर उभे राहिले. मी मनात म्हणत होते, देवा, आज एक दिवस या माणसाची जीभ अडकू दे.

"चव चांगली हाये," काका म्हणाले. टाळ्या पडल्या. "डबा चांगला हाये. माह्या पोरानं लय मेहनत केली." नरेशचे डोळे भरून आले, असं बापाच्या तोंडून त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं. "पण ताकदीचं म्हणाल त मी खाऊन पाहिलं, मले काही समजलं नाही. गोड म्हणून खा. औषध म्हणून नोका खाऊ. अन् डॉक्टरची गोळी कोणी बंद करू नोका, हात जोडतो."

ते खरंच हात जोडून उभे होते. दुकानदार एकेक करून उठले. नरेश मागच्या दारानं निघून गेला.

संध्याकाळी मी काकांवर तुटून पडले. "एक दिवस गप्प बसले असते तर आभाळ कोसळलं असतं का? आपल्याच पोराच्या पोटावर पाय दिला तुम्ही!"

ते अंगणात बसले होते. जमिनीवरची एक वाळकी काडी उचलून त्यांनी बाजूला टाकली. मग म्हणाले, "मी माल रिजेक्ट केला वो बेबी. पोराले नाही केलं."

"हे त्याला कोण सांगणार?"

"मीच सांगन. पण तोंडानं नाही जमत मले."

दुसऱ्या दिवशी त्यांनी जेवणाचा डबा बांधून घेतला आणि कुम्हारीची बस पकडली. युनिटमध्ये जाऊन एका स्टुलावर बसले आणि साच्यातून निघणाऱ्या गोळ्यांमधल्या वेड्यावाकड्या बाजूला काढायला लागले. नरेश त्यांच्याशी बोलला नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशीही नाही. काका रोज जात राहिले. या वयात, त्या हायवेच्या धुळीत! काकू मला म्हणायच्या, "दोघंही सारखेच हट्टी. जाऊ दे, डबा त रिकामा येते ना." मग एके दिवशी काकूंनी मला खिडकीतून हाक मारून दाखवलं: नरेशची मोटरसायकल फाटकात थांबली होती आणि मागच्या सीटवरून काका उतरत होते. दोघे एकमेकांशी कडाकडा भांडत होते, चिंचेचा कोळ किती आटवायचा यावरून.

कारण शिलाजीत गेलं होतं. डब्यावरचा डोंगर गेला, दंडवाला माणूस गेला. त्याच साच्यांत आता आवळा, चिंच, कैरी. डब्यावर साधं लिहिलेलं: खाऊ. धंदा काही भरभरून वाहिला नाही, पण चालला. आमच्या जुनवानीच्या शाळेसमोरच्या टपरीवरही तो खाऊ असतो. मी तिथे शिकवते, मधल्या सुट्टीत माझी पोरं चिंचेवर तुटून पडतात. काका शेवटपर्यंत युनिटमध्ये ट्रे मागे पाठवत राहिले आणि नरेश शेवटपर्यंत त्यांच्यावर ओरडत राहिला. इतकं सुखी मी दोघांनाही कधी पाहिलं नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात काका झोपेतच गेले. तेरवीला सगळी गल्ली होती. मी चोरून रडून घेतलं होतं. ज्याच्या भीतीनं आम्ही लग्नाची यादी लपवायचो, त्याच्यासाठी एवढं रडू येईल असं वाटलं नव्हतं. पंगती उठल्यावर नरेश माझ्याजवळ आला. हातात वाटी, वाटीत नव्या गोळ्या. बोराच्या.

"ताई, पाह्य बरं खाऊन. पुढच्या महिन्यात बाजारात टाकाची हाये."

मी एक तोंडात टाकली. मुंडण केलेलं डोकं, सुजलेले डोळे, अशा माणसाला काय सांगायचं? "छान झाली रे," मी म्हटलं.

तो तसाच उभा राहिला. "सगळेच छान म्हणून राहिले, ताई. आई छान म्हणते, बायको छान म्हणते, साहूजी बढिया म्हणते." त्यानं वाटी माझ्यापुढे सरकवली. "आता मी माल कोणाले दाखवू?"

मी वाटीतली दुसरी गोळी उचलली, आणि या खेपेला नीट, सावकाश चावून खाल्ली.

"मीठ जास्त झालं आहे," मी म्हटलं. "आणि दाताला चिकटते. बाजारात टाकू नकोस इतक्यात."

नरेश खाली पायरीवर बसला आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. मग बाहीनं डोळे पुसत म्हणाला, "मीठ किती कमी करू?"